हाल्मेरोडेचा उत्तर कोपरा

"हाल्मेरोडेच्या मातीत परका माणूस नाही. पहिल्या महायुद्धात आमच्या शेतांवर आलेले परदेशी मदतनीस आमच्या टेबलाशी बसून जेवले आणि युद्ध संपल्यावर सुखरूप आपापल्या घरी गेले."

उत्तर जर्मनीतल्या हाल्मेरोडे नावाच्या, चारशे बारा वस्तीच्या शेतकरी गावाने साडेसातशेव्या वर्धापनानिमित्त जो जाडजूड ग्रामेतिहास काढला, त्याच्या त्रेसष्टाव्या पानावर ही दोन वाक्ये आहेत. कागद गुळगुळीत, बांधणी कापडी, मुखपृष्ठावर ओकची झाडे. पूर्णिमा दांडेकरने ती वाक्ये बहारीनच्या हूरा भागातल्या भाषासंस्थेच्या शिक्षकखोलीत बसून वाचली, आणि ती रागावली नाही. रागावण्यापूर्वी तपासायचे असते, ही शिस्त तिच्या अंगी मुरलेली होती. तिने पेन्सिलला टोक केले.

'मदतनीस' म्हणजे संध्याकाळी टोपी घालून आपल्या घरी जाऊ शकतो तो. ज्याला छावणीतून बंदूकधारी शिपायाबरोबर आणून सोडतात, ज्याच्या सदऱ्याच्या पाठीवर ओळखीचा पट्टा मारतात, त्याच्यासाठी जर्मन भाषेत दुसरे शब्द आहेत आणि ते मुबलक आहेत. टेबलाचे म्हणावे, तर १९१६ साली बटाटा शेतातच कुजला आणि त्या हिवाळ्यात अर्धा देश गुरांपुढे टाकायचे कंद खाऊन जगला. तेव्हा हाल्मेरोडेच्या टेबलावर नेमके काय वाढले होते, हे सांगायला लेखकमंडळ विसरले होते. उरले 'सुखरूप'. सुखरूप गेले म्हणायचे तर किती आले आणि किती गेले याची मोजदाद हवी. पुस्तकात १९१२ सालच्या डुकरांची मोजदाद होती, जातवारीने. बक्षीस मिळवलेल्या सात गाईंची नावे होती. माणसांची मोजदाद नव्हती.

आणि एक माणूस घरी गेला नव्हता, हे पूर्णिमाला पक्के ठाऊक होते. त्याची नात बहारीनमध्येच, हिद्दला, तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

पूर्णिमाने ग्योटिंगेनला सहा वर्षे घालवून उत्तर जर्मन खेड्यांतल्या शेजारधर्मावर प्रबंध लिहिला होता. पुढे नवऱ्याची, गुरुप्रसादची, बँकेतली नोकरी बहारीनला आली; विद्यापीठांना खेड्यांच्या शेजारधर्माची गरज भासेना; आणि ती नर्सांना व वेल्डरांना 'माझे नाव अमुक, मी तमुक गावची' एवढे जर्मन शिकवू लागली. त्या वर्गात मेहरीन होती. सरकारी इस्पितळात नर्स, हानोव्हरला जाण्याच्या तयारीत, घरचे मूळ रत्नागिरीजवळच्या जयगडचे. पत्ता कसा लिहावा या धड्याच्या दिवशी मेहरीनने प्लास्टिकच्या पाकिटातून एक पिवळे पडलेले कार्ड काढले.

"मिस, हा ॲड्रेस रिअल आहे का? दादीच्या कुराणात ठेवलेलं असतं. तिच्या आज्यांचं आहे."

कार्डावर जर्मन छावणीचा शिक्का, १९१६ चा ऑक्टोबर, आणि गावाचे नाव: हाल्मेरोडे. मजकूर मराठीत, बाळबोध वळणाचा, कुणा लिहित्या सोबत्याकडून लिहून घेतलेला. "मी नऊ नंबरचे घरात कामास आहे. थंडी फार. गाई बऱ्या आहेत. मुलास दुवा." खाली नाव, उबेद तांडेल. जहाजावर भट्टीत कोळसा घालणारा हा खलाशी ऑगस्ट १९१४ मध्ये हांबुर्गच्या बंदरात होता. इंग्रजी बोटीवरचा म्हणून तिथेच धरला गेला. हे शेवटचे कार्ड. त्यानंतर काही नाही. ना माणूस, ना कागद.

नऊ नंबरचे घर ही काय चीज आहे, हे बहारीनमध्ये पूर्णिमाइतके कुणाला कळले नसते. हाल्मेरोडेसारख्या गावात माणसापेक्षा घर मोठे. घरांना क्रमांक, आणि ते रस्त्याच्या क्रमाने नव्हे, तर जुनेपणाच्या मानाने. चर्चमधले बाक क्रमांकाने वाटलेले. शेताला वारस मुलगी असली तर जावई शेताचे नाव लावतो आणि स्वतःचे आडनाव खुंटीला टांगतो. आणि मरण आले की शेजार ठरलेला: मयताच्या क्रमांकाच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन घरे पेटी वाहतात, त्यातलेच एक खड्डा खणते. वैर असो, कोर्टात खटला असो, खांदा चुकवायचा नाही. कारण आज मी तुझ्या दारचा उचलला तर उद्या तू माझ्या दारचा उचलशील. कोणी कोणाला वाहिले याची वही गाव दोनशे वर्षे लिहीत आले. हाच तर पूर्णिमाच्या प्रबंधाचा विषय होता.

म्हणून तिने सरळ मार्ग धरला. ती हाल्मेरोडे वारसा मंडळाची 'पत्रव्यवहारी सभासद' झाली. अध्यक्ष एकहार्ट ल्युअर, निवृत्त शाळामास्तर, हरखून गेले. बहारीनहून एक भारतीय विदुषी आमच्या गावावर प्रेम करते, असे लिहून त्यांनी मंडळाच्या पत्रकात तिचा फोटो छापला. सभासदांना जुन्या वह्यांच्या प्रती संगणकावर खुल्या होत्या. गावाला त्यांचा अभिमान होता. पूर्णिमाने खांद्याच्या वहीचे १९१७ साल उघडले. तिथे एका ओळीत सगळे होते.

"९ फेब्रुवारी. क्रमांक नऊमधून. वाहणारे: सात, आठ, दहा, अकरा. जमीन गोठलेली, खड्डा अकराने. उत्तर कोपरा. घंटा नाही."

चर्चच्या मृत्यूनोंदीत त्या महिन्यात नऊ क्रमांकात कोणी मेलेले नव्हते. पाद्री ख्रिस्ती नसलेल्याला नोंदवत नसे, आणि त्याच्यासाठी घंटाही वाजवत नसे. गावाने माणूस लपवला, पण खांदा लपवणे त्यांना जमले नाही. वाहिलेला खांदा वहीत न लिहिणे हे हाल्मेरोडेच्या हिशेबी माणूस मारण्याहून मोठे पाप होते.

ती ओळ वाचली तेव्हा मात्र पूर्णिमा रागावली. त्या रागाला आवाज नव्हता. तिने घरी येऊन भात लावला, वरणाला फोडणी दिली, आणि जेवताना गुरुप्रसादला सगळे सांगितले.

"अगं, चारशे माणसांच्या गावाशी भांडणार तू?" तो म्हणाला. "आपल्या बिल्डिंगमध्ये त्याहून जास्त राहतात, आणि त्यांना आपण पार्किंगसुद्धा सोडायला लावू शकलो नाही."

"इथेही पार्किंगचाच प्रश्न आहे," पूर्णिमा म्हणाली.

प्रश्न खरोखरच तोच होता. जर्मनीत साधी कबर पंचवीस-तीस वर्षांनी मोकळी करतात, जागा दुसऱ्याला देतात. पण युद्धकाळात कैदेत मेलेल्याची कबर सरकारने कायमची राखायची असा कायदा आहे. चर्चच्या आवाराचा उत्तर कोपरा पाणथळ, म्हणून कोणी मागितला नव्हता. आता वर्धापनाचा उत्सव भरणार त्या कोठारासमोर गाड्या लावायला जागा अपुरी पडत होती, आणि मंडळाने तोच कोपरा मागितला होता. मार्चमध्ये तिथे विटा बसवायच्या होत्या. त्रेसष्टाव्या पानावरचे पहिले वाक्य कशासाठी लिहिले होते, ते आता पूर्णिमाला स्वच्छ दिसले: मातीत परका नाही, म्हणजे राखायची कबरही नाही.

तिने अध्यक्षांना अकरा पानांचे पत्र पाठवले. त्यातली चार पाने टिपांची होती. उत्तर तीन ओळींचे आले. अभ्यासाबद्दल कौतुक, भाषेबद्दल विशेष कौतुक; वहीत नाव नाही, म्हणून काही सिद्ध होत नाही; नोंदणी कचेरीचे १९१७ चे पुस्तक दुर्दैवाने १९४५ मध्ये जळाले. 'दुर्दैवाने' या शब्दात इतके समाधान भरता येते, हे तिला नव्याने कळले.

तिने सभेत बोलण्याचा हक्क मागितला. नियमाप्रमाणे तो सभासदाला होता, आणि नियम म्हटला की हाल्मेरोडे नाही म्हणू शकत नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बहारीनला दुपारी एक वाजता, संस्थेच्या वर्गात मोठ्या पडद्यावर मंडळाचे सात जण उमटले. लाकडी भिंत, कॉफीची किटली, मध्ये ल्युअर. अलीकडे मेहरीन, हिद्दच्या बंदरात कारकून असलेला तिचा बाप शब्बीर, आणि शब्बीरची आई शरीफुन्निसा. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावरून घट्ट ओढलेली ओढणी, पायात लोकरी मोजे. बाहेर ऊन होते, पण वर्गातला एसी तिला सोसत नसे.

पूर्णिमाने दहा मिनिटे मांडणी केली. कार्ड दाखवले, वहीची ओळ दाखवली, नऊ क्रमांक दोन्हीकडे दाखवला. ल्युअर मान हलवत ऐकत होते. विद्यार्थ्याचा निबंध ऐकताना मास्तर हलवतो तशी.

"फार सुंदर," ते म्हणाले. "पण वहीत माणूस कुठे आहे? क्रमांक आहे. नऊ क्रमांकात गडीही असत, फिरस्तेही येत."

"काय बोलतो हाय तो?" शरीफुन्निसाने विचारले.

पूर्णिमाने मराठीत सांगितले.

"फिरस्तो?" म्हातारी म्हणाली. "दर्यावरचो मानूस तो. फिरायलाच गेलेलो."

शब्बीर पुढे सरकला. "मॅडम, त्याला विचारा. गाईंची नावं छापलीत ना पुस्तकात? सातही? मग माणसाचं नाव लिहायला शाई संपली होती काय?"

"अब्बा, प्लीज," मेहरीन पुटपुटली.

"काय प्लीज? तू तिकडेच जाणार ना नोकरीला? विचारून ठेव, नर्सची नोंद कुठल्या वहीत करतात ते."

पूर्णिमाने ते भाषांतरित केले, एक शब्द न गाळता. पडद्यावर कोपऱ्यात बसलेल्या चिटणीस हाइके बोर्स्टेल यांनी टंकायचे थांबवून वर पाहिले, आणि पुन्हा टंकू लागल्या.

ल्युअर यांचा चेहरा बदलला नाही. "कुटुंबाच्या भावना आम्ही समजतो. आम्ही त्या कोपऱ्यात एक बाक ठेवायला तयार आहोत. वाहनतळाच्या कडेला. सर्वांसाठी."

"बाक?" शब्बीर म्हणाला. "गाडी लावून बसायला?"

"भाऊ, गप ऱ्हा," शरीफुन्निसाने पोराला दटावले. कोकणातल्या अनेक आया लाडाने पोराला भाऊ म्हणतात, तशीच तीही. मग ती पूर्णिमाकडे वळली. "बाय, त्याला येकच इचार. पेटी चौघांनी उचल्ल्यान. त्यांची नावा काय?"

"दादी, नावं कशाला?"

"माजे बापाला बाप दिसलो नाय. मला आजो दिसलो नाय. त्याला कोनी खांदा दिल्यानी, ता तरी कळूक होवा. त्या चौघांसाठी मी दुवा मागीन. हा समोर बसलाय, ह्याच्यासाठी नाय."

पूर्णिमाने भाषांतर केले. पडद्यावर कोणीतरी खोकले. सात, आठ, दहा आणि अकरा क्रमांकांची आजची माणसे त्याच टेबलाभोवती बसली होती. पूर्णिमाला आडनावांवरून त्यांची घरे ओळखता येत होती. आपल्या आजोबांनी खांदा दिला होता, असे त्यांतल्या कोणी म्हटले असते तर एका वाक्यात प्रकरण मिटले असते. कोणी म्हटले नाही.

"आभारी आहोत," ल्युअर म्हणाले. "पुढची चर्चा मंडळ आपसात करील. पाहुण्यांनी आता रजा घ्यावी."

पडदा काळा झाला.

"खलास," शब्बीर म्हणाला. "आता विटा बसवणार. मॅडम, सोडा. तुम्ही केलंत ते पुष्कळ."

"इंशाल्ला बघू," म्हातारी म्हणाली. तिने मोजे वर ओढले आणि मेहरीनच्या हाताला धरून उठली. दारात थांबून तिने पूर्णिमाच्या गालावर हात ठेवला. "रडू नको हा बाय. रागाव."

पूर्णिमाला रडू येत नव्हते. घरी जाऊन ती पुन्हा त्रेसष्टाव्या पानापाशी बसली आणि मराठीत, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये सरकारी कचेऱ्यांना लिहायच्या पत्रांचे मसुदे करू लागली. प्रत्येक मसुद्याला एकच उत्तर येणार हे तिला दिसत होते: पुरावा? कार्डावर घर होते, वहीत पेटी होती. पेटीतला माणूस मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. प्रांताच्या युद्धकबर कचेरीने तेच उत्तर दिले, सौजन्याने. गावाने दुजोरा दिला तर तात्काळ पाहू, असेही लिहिले.

गाव दुजोरा देणार नव्हते, हे त्या कचेरीलाही ठाऊक असावे. साहित्यात म्हणे खलनायक रात्री कट शिजवतात. हाल्मेरोडेत कट सकाळी अकराला, विषयपत्रिकेनुसार, कॉफीसह शिजतो. आणि पूर्णिमा त्या गावाबद्दल सगळे जाणूनही एक गोष्ट विसरली होती.

अकराव्या दिवशी तिला मंडळाकडून ईमेल आली. मजकूर नेहमीचाच: "नियम बारानुसार सर्व सभासदांना, पत्रव्यवहारी सभासदांसह, सभेचे इतिवृत्त चौदा दिवसांच्या आत पाठवण्यात येत आहे. आपली, हाइके बोर्स्टेल, चिटणीस." सोबत नऊ पाने जोडलेली. पाहुण्यांना बाहेर काढल्यानंतर मंडळ जे बोलले, ते सगळे त्यात होते. बोलणाऱ्यांच्या नावांसह, वेळेसह, मतांसह. विषय सातवा: पुस्तकातील वाक्य तसेच ठेवावे काय? बाजूने सहा, विरुद्ध कोणी नाही, तटस्थ एक. खाली ल्युअर यांची सही, वाचून मंजूर केल्याची.

गुरुप्रसादने ते तिच्या तोंडून मराठीत ऐकले आणि दोनदा डोळे मिटले. "हे त्यांनी तुला पाठवलं? स्वतःहून?"

"नियम बारा."

"पण कोणी म्हटलं नाही, अरे, हिला नको?"

"म्हणायला तसा ठराव करावा लागला असता," पूर्णिमा म्हणाली. "आणि त्याचंही इतिवृत्त मला आलं असतं."

चिटणीसबाईंनी ते मुद्दाम पाठवले की निव्वळ नियम म्हणून, हे तिला कधी कळले नाही. तटस्थ मत त्यांचे होते, हे मात्र तिला पुढे कळले. पण त्यावरून काही ठरवायची तिची तयारी नव्हती. हे गाव लोकांपुढे सत्य बोलणार नव्हते आणि आपल्या वहीत खोटे लिहिणारही नव्हते. बोलणे आणि लिहिणे यांच्यामधल्या त्या फटीत एक माणूस शंभर वर्षे पुरलेला होता, आणि याला ते आपला प्रामाणिकपणा समजत होते. तिने नऊ पाने युद्धकबर कचेरीला पाठवली. बरोबर एक ओळ लिहिली: "आपण मागितलेला दुजोरा जोडला आहे."

उत्तर चार दिवसांत आले. उत्तर कोपऱ्यातले काम थांबवण्याचा हुकूम निघाला होता, विटांचा ढीग उचलायला सांगितला होता, आणि दगडावर कोणते नाव, कोणत्या लिपीत कोरायचे ते कुटुंबाने कळवावे, असे लिहिले होते. ल्युअर यांचेही पत्र आले. मंडळाचे अंतर्गत कागद बाहेर देणे हा विश्वासघात आहे, असे त्यांचे मत होते. पूर्णिमाने त्या पत्राला टिपा जोडल्या नाहीत. उत्तरही दिले नाही.

त्या शनिवारी ती हिद्दला गेली. शब्बीरने दार उघडले, मेहरीनने चहा आणि तांदळाच्या पिठाची तळलेली गरम बोरं पुढे ठेवली. शरीफुन्निसा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. नाव बाळबोधमध्ये आणि उर्दूत, दोन्हीत कोरायचे, हे तिने आधीच ठरवून टाकले होते, आणि त्यावर बापलेकीचे मत विचारले नव्हते. दगडाचे बोलणे संपले तशी ती म्हणाली, "आता ता वाच. तो मास्तर काय बोल्लो ता."

पूर्णिमाने कागद घडी घालून हातात धरला. "आजी, दगड होणार आहे. ते वाचायची गरज नाही."

"कडू हाय काय?"

"फार."

"मग गाळू नको काय. लोकांनी इतकी वर्सा गाळूनच सांगितल्यानी."

शब्बीरने टीव्ही बंद केला. मेहरीन आजीच्या पायाशी बसली. पूर्णिमाने घडी उलगडली आणि जर्मन ओळीवर बोट ठेवून मराठीत, सावकाश, वाचायला सुरुवात केली.

"विषय सातवा. कोणी आपले बोलणे वाकडे करू नये म्हणून अध्यक्ष एकहार्ट ल्युअर यांनी पुढील निवेदन शब्दशः नोंदवण्याची विनंती केली: 'तो हिंदी माणूस नऊ क्रमांकात, आमच्या गोठ्यात मेला. हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत आहे. मी जावई होऊन आलो त्याच वर्षी मला सांगण्यात आले. आठ दिवस तो तापात होता. डॉक्टर बोलावला नाही, कारण त्याच आठवड्यात घोडी अडली होती आणि गाडी गुरांच्या डॉक्टरला आणायला गेली होती. स्वयंपाकघरात त्याला कधी घेतले नव्हते. टेबलाचे वाक्य मी लिहिले, कारण पुस्तकात टेबल बरे दिसते. तो कुठे पुरला आहे, ते मला पावले मोजून दाखवता येईल. पण हे आपण कबूल केले, तर ती जागा कायमची राखावी लागेल, आणि गाड्या लावायला गावात दुसरी जागा नाही.'"